पासंगाचा खडा

थोरली जाऊ लेकाकडे राहायला गेली आणि खिळ्यांच्या दुकानातला टांगता तराजू धाकटीच्या पुढ्यात आला. पहिल्याच सकाळी सासूबाईंनी सुनावलं, "थोरलीच्या पासंगालाही पुरायची नाहीस तू. जमलं तर ठीक, नाहीतर दुकान भाड्याने देऊन टाकते."

बोलणं झोंबलं. आणि पासंग तर समोरच लोंबत होता. तराजूची दोन पारडी कधी अगदी सारखी नसतात. दांडीच्या हलक्या बाजूला खडा बांधून ती समान करायची, तो खडा म्हणजे पासंग. शब्द फारसीतला, त्यातला 'संग' म्हणजे दगड. ज्याचं वजन एवढ्याशा खड्याइतकंही भरत नाही, तो पासंगालाही पुरत नाही.

धाकटीने देवाचं नाव घेऊन पारडी काढली, राखेने लख्ख घासली. टांगताना मात्र त्यांची अदलाबदल झाली. रिकामा तराजू उचलून बघायची रीत, तीही राहिली, कारण सुतार दारात घाई करत उभा होता. त्याला खिळे तोलून दिले, तो गेला, तिने वजनं उतरवली, तरी रिकामं झालेलं मालाचं पारडं खालीच राहिलं. जड पारडं पासंगाच्या बाजूला आलं होतं! सुताराला माल कमी गेला होता.

"जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या, "त्याला काय कळतंय?"

देव बघतो असं आपण म्हणतो. इथे सासूबाईही बघत होत्या. धाकटीने पारडी जागच्या जागी टांगली, मूठ दोन मूठ खिळे पदरात घेतले आणि भर उन्हात सुताराचं दुकान गाठलं. चार कारागिरांसमोर म्हणाली, "पारडी उलटी टांगली मी. तुमचे खिळे कमी भरले."

"अहो वहिनी, एवढ्यासाठी पळत आलात?" सुतार हसला. "आता दारांच्या कड्या-बिजागऱ्याही तुमच्याकडूनच नेतो. गल्ल्यावर बसताना धापा टाकू नका म्हणजे झालं."

ती परतली तेव्हा नळ दुरुस्त करणारा दुकानात ताटकळत होता. सासूबाई त्याला सांगत होत्या, "थोरलीनेही एकदा अशीच पारडी उलटी टांगली होती. गिऱ्हाईक भांडायला येईपर्यंत गप्प बसली. ही स्वतःहून गेली."

"मग तोला ना, आजी. मला उशीर होतोय."

"मी कोण तोलणारी? दुकान हिचं आहे." सासूबाई गादीवरून उठल्या आणि बाजूच्या स्टुलावर जाऊन बसल्या. "ये गं. याला बोल्ट हवेत. आणि भाड्याला विचारायला कोणी आलं, तर तूच वाटेला लाव."

धाकटी गादीवर बसली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "किती देऊ, दादा?"