टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

आईवर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण माझ्या नावेच्या इंजिनावर मात्र मुळीच नव्हता. माजलगाव धरणाच्या पाण्यात मी मासे धरतो. इंजिन जुनं, दुसऱ्याचं वापरून झालेलं, आणि स्वभावानं माझ्यासारखंच तिरसट. त्याला पेट्रोल मागच्या टाकीतून रबरी नळीनं मिळतं. नळीच्या मध्ये हातानं दाबायचा एक फुगा असतो, तो दाबला की पेट्रोल पुढं सरकतं. मागच्या नवरात्रात हे इंजिन भर पाण्यात बंद पडलं आणि दुसऱ्या नावेनं आम्हाला ओढून परत आणलं. नुसते मासे असते तर लोक चार दिवस हसले असते आणि विसरले असते. पण त्या दिवशी नावेत आई होती, आमची गावदेवी.

आमचं जुनं गाव धरणात गेलं. उंचवट्यावरचं आईचं देऊळ तेवढं राहिलं. धरण भरलं की त्याचं बेट होतं. एरवी आईचा पितळी मुखवटा नव्या गावातल्या देवळात असतो. घटस्थापनेला तो नावेतून जुन्या देवळात न्यायचा आणि नव्या देवळातल्या समईवर पेटवलेला दिवा न विझू देता सोबत न्यायचा, अशी रीत आहे. त्याच दिव्यासमोर तिथं घट बसतो. हा नावेचा मान आमच्या घराकडं आहे. मागच्या वर्षी इंजिनानं दगा दिला आणि नाव ओढून परत आणताना दिवा विझला. उत्सवाचं सगळं बघणारे तात्या मला म्हणाले, "औंदा जर दिवा इझला, तर पुढच्या सालापासून आई नव्या देवळातच बसंल. आता लई झालं." शेजारी काशीआत्या उभी होती. तिचा जन्म जुन्या गावातला. तिनं पदर तोंडाला लावला. त्या पदराकडं बघून मला माझीच लाज वाटली.

पावसाळाभर मी त्या इंजिनामागं हात धुऊन लागलो. टाकी उपडी केली तर तळाला पाणी आणि गंज. ती धुऊन उन्हात वाळवली, गाळणी बदलली, नळी आणि फुगा नवे आणले, कार्बोरेटर उघडून साफ केला. रोज एक चक्कर मारून बघायचो. इंजिन शहाण्यासारखं चालायचं. तरी धास्ती काही जात नव्हती.

घटस्थापनेच्या सकाळी मी टाकी गळ्यापर्यंत भरली. बायको पूजेचं ताट घेऊन काठावर आली. एरवी मी तिला "आटप लवकर" एवढंच म्हणतो. त्या दिवशी मीच मागं लागलो. "इंजिनाला शेंदूर लाव, पंख्याला लाव. टाकीच्या झाकणाला चांगला जाड लाव, दुखणं तिथंच हाय." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मला ताप आलाय. मग तेलात कालवलेला शेंदूर बोटभर थर देऊन झाकणावर दाबून बसवला. मला बरं वाटलं.

गाव आधीच इतर नावांनी पलीकडं गेलं होतं. हलगीचा आवाज पाण्यावरून ऐकू येत होता. आमच्या नावेत पुढच्या टोकाला काचेच्या कंदिलात दिवा घेऊन गुरवकाका. टाकीपासून दिवा लांब ठेवायचा ही माझी अट होती. मध्ये मुखवटा मांडीवर घेऊन काशीआत्या, तिच्याजवळ तात्या आणि माझी बायको. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि मी तात्यांकडं जरा तोऱ्यातच बघितलं. निम्मं पाणी ओलांडलं असेल नसेल, इंजिनाचा आवाज बारीक झाला, दोन उचक्या दिल्या आणि बंद.

फुगा बघितला तर चपटा होऊन आत ओढला गेलेला. नळी तुंबली असणार म्हणून टाकीकडून काढून फुंकली, तर साफ. परत जोडली, इंजिन सुरू झालं, थोडं पुढं गेलं आणि पुन्हा तेच. गाळणी उघडली, तीही चकचकीत. जे जे मला माहीत होतं ते सगळं मी केलं आणि काहीच उरलं नाही. तात्या पलीकडच्या नावांना हात करायला उठले. बायकोनं माझ्याकडं बघायचं टाळलं. तेवढ्यात गुरवकाका म्हणाले, "दिवा बारीक झालाय." मी हातातला पाना खाली टाकला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला रडू आलं. मी मुखवट्याकडं बघून मनात म्हणालो, आई, माझं सगळं करून झालं. आता तुझी नाव, तुझा दिवा, तुझं तू बघ. असं मी आयुष्यात कुणालाच म्हटलेलं नाही.

गुरवकाका दिव्यात तेल घालू लागले. तेलाचा डबा नवा, त्याला खिळ्यानं एकच भोक पाडलेलं. दोन थेंब पडले आणि धार थांबली. ते डबा हलवत होते, वात काळी पडत चालली होती. माझा मूळचा स्वभाव उसळला. मी ओरडलो, "अवो काका, दुसरं भोक पाडा की! आत हवा गेल्याबिगर तेल कसं येईल?"

आणि ओरडता ओरडताच माझी नजर टाकीच्या झाकणावर गेली. त्या झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं. ते त्या लालभडक थराखाली कुठं होतं हे मलाही दिसेना. पेट्रोल ओढलं जात होतं, पण त्याच्या जागी आत हवाच येत नव्हती. मी झाकण सैल केलं. टाकीनं लांब श्वास आत ओढला, तिचा आत गेलेला पत्रा खटकन बाहेर आला. मी चिंधीनं शेंदूर पुसला, काडीनं भोक मोकळं केलं, फुगा दाबला. तो भरून टणक झाला. पुढं गुरवकाकांनी खिळ्यानं दुसरं भोक पाडलं, डब्यातून धार लागली आणि वात उभी राहिली. मागं इंजिन गरजलं. दोन्ही एकाच वेळी.

बेटावरच्या हलगीनं ठेका बदलला तो अजून माझ्या छातीत वाजतो. बायको हसत होती आणि रडतही होती. तात्या बसले ते बेट येईपर्यंत उठलेच नाहीत. नाव बेटाला लागली, दिवा जळत देवळात गेला, घट बसला. काशीआत्यानं मुखवटा जागेवर ठेवला, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आलीस बाई घरी." तात्या माझ्या खांद्याला धरून बाहेर आले. "पुढच्या साली जरा लवकर निघू," एवढंच म्हणाले. माझ्या घराला मिळालेला याहून मोठा सत्कार मला ठाऊक नाही.

कुणी म्हणेल, यात चमत्कार कुठं आहे? मी वाद घालत नाही. माझ्या तोंडून निघालेलं वाक्य माझंच होतं, पण ते मला ऐकू आलं ते हातातलं सगळं टाकून दिल्यावर. सकाळी तो शेंदूर मी भक्तीनं लावायला सांगितला नव्हता, धास्तीनं सांगितला होता. त्या धास्तीनंच टाकीचा श्वास कोंडला. आईला माझा जाड थर नको होता, जरा वाट मोकळी हवी होती. ती तिनं माझ्याच तिरसट तोंडानं सांगितली, याचे उपकार मी कसे फेडू?

आता बायको टाकीच्या कडेला एक टिळा लावते. मी आधी झाकणाचं भोक मोकळं आहे का बघतो, मग हात जोडतो. आईला दोन्ही चालतं.