मुर्ध्याची जीप आणि आमचे व्याही

एखादी गोष्ट नीट थांबते की नाही, हे स्वतः पाहिल्याशिवाय आमच्या व्याह्यांनी आयुष्यात कशावरही विश्वास ठेवलेला नाही. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. तीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपात ब्रेकचं काम करून निवृत्त झालेले, केबिन रोडच्या गर्दीत राहणारे. रिक्षात बसण्याआधी ते रिक्षावाल्याला "भाई, पहले जरा ब्रेक मारके दिखाव" असं सांगतात, त्यामुळे त्यांच्याबरोबर कुठे जायचं तर तीन रिक्षा तशाच निघून जातात आणि चौथी मिळते. लग्नाची बोलणी करायला ते आमच्या मीरा रोडच्या घरी आले, तेव्हा सगळे पोह्यांच्या बशा घेऊन बसले आणि मुलाचे वडीलच गायब. शोधत खाली गेलो तर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात हे गृहस्थ सोसायटीच्या पाण्याच्या टँकरखाली आडवे पडलेले. बाहेर येऊन त्यांनी आधी टँकरवाल्याला झापलं आणि मग मला म्हणाले, "मुलगी पसंत आहे आम्हाला. पण पोरांना ह्या टँकरच्या वाटेत खेळू देऊ नका." मुलगी चांगल्या घरी पडतेय, याची खात्री मला त्याच क्षणी पटली.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते आवाज ऐकतात. आमचा फ्रिज त्यांनी असाच तपासलाय. माणसांनाही ते गाडीसारखेच प्रश्न विचारतात. माझा गुडघा दुखायला लागला तेव्हा विचारलं, "चालताना दुखतो की उभं राहिल्यावर? आवाज वळताना येतो की सरळ जाताना?" दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी शब्दशः हेच विचारलं. त्यांच्या मते दोष दोनच जातींचे, चालून चालून आलेले आणि नुसतं उभं राहून आलेले. या दोहोंत गल्लत झाली की माणूस भलतंच काहीतरी दुरुस्त करत बसतो, असं ते कळवळून सांगतात.

माझ्या ऑफिसात मुर्धा गावचा हरेश म्हणून एक सहकारी होता. सज्जन, कामाला चोख, पण कधी गाडी चालवायचा नाही. ऑफिसची गाडी न्यायची वेळ आली की कसलंतरी निमित्त काढून बाजूला व्हायचा. त्याच्या वडिलांची जुनी फोर-व्हील जीप नऊ वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. मागच्या वर्षी वडील गेले. आता घर पाडून नवीन बांधायचं होतं, म्हणून जीप विकायची ठरली. "घेणाऱ्याला खोटं सांगायचं नाही. काय काय बिघडलंय ते कोणीतरी नीट बघून दिलं पाहिजे," हरेश म्हणाला. मी व्याह्यांना विचारलं. एरवी स्वतःच्या डोळ्याच्या ऑपरेशनलाही ते नाखुशीनेच गेले होते. इथे दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला हत्यारांची पिशवी घेऊन माझ्या दारात हजर.

मुर्ध्याला पोचलो तेव्हा हरेशला वाटलं, आधी इंजिन चालू करतील. "अजिबात नाही," व्याही म्हणाले. "इंजिन सुरू झालं की सगळे खूश होतात आणि तपासायचं राहून जातं." चाकांना लाकडाचे ठोकळे लावून ते कामाला लागले आणि मला वहीत दोन रकाने आखायला लावले: 'उभं राहून' आणि 'चालून'. ब्रेकचं पेडल दाबलं तर थेट तळाला गेलं. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट झालेलं, त्यात पाणी उतरलेलं. मागची दोन्ही चाकं हलेनात. आतले लायनर, म्हणजे ब्रेकचे पट्टे, गंजून चाकाच्या ड्रमला चिकटले होते. पुढच्या चाकांनाही जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा जागचा हलेना. चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट हाताने फिरवला तर टक् असा आवाज आला. "क्रॉस झिजलाय, शाफ्टचा सांधा. हा चालून," ते म्हणाले, बाकी सगळं पहिल्या रकान्यात. प्रत्येक नवा दोष सापडला की त्यांचा चेहरा खुलायचा. हरेशची आई पडवीत बसून हे बघत होती. तिने विचारलं, "मेली का हाय?" हे जीपखालून ओरडले, "आहे, आहे! नुसती अंग धरून बसलीय."

मग त्यांनी पुढच्या डाव्या चाकाचा ड्रम काढला. बोट फिरवलं, वास घेतला. मग उजव्या चाकाचाही ड्रम काढला. तो आतून कोरडा होता. तिथेच मातीत बसून त्यांनी हरेशला विचारलं, "ही गाडी बंद का केली होती?"

हरेश आईकडे न बघता म्हणाला, "अपघात झाला. मिठागराच्या बांधावरून मी चालवत होतो, बाबा शेजारी. गाडी बांधावरून खाली गेली. बाबांचा पाय मोडला, तो शेवटपर्यंत सरळ झाला नाही. ते म्हणायचे, माझं लक्ष नव्हतं."

"ब्रेक दाबला होतात?"

"दाबला होता. कोणाला पटलं नाही. नंतर नंतर मलाही पटेना."

"गाडी गेली कुठे? डावीकडे की उजवीकडे?"

"उजवीकडे. एकदम ओढल्यासारखी."

व्याह्यांनी डाव्या चाकाचा लायनर त्याच्यापुढे धरला. त्यावर डांबरासारखा काळा कडक थर होता. "फोर-व्हीलला पुढच्या चाकांनाही गिअरचं तेल असतं. ते अडवणारं सील गेलं आणि तेल ब्रेकवर उतरलं. डावं चाक धरेना, उजव्याने धरलं, म्हणून गाडी तिकडे फिरली. तुम्ही काय, मी असतो तरी फिरली असती."

"पण तेल नंतर गळलं असेल ना? नऊ वर्षं उभी आहे."

"उभ्या गाडीत तेल गळतं. जळत नाही. हे जळलेलं आहे, म्हणजे गाडी पळत असताना ब्रेक लावून लावून तापलेलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "व्याही, लिहा. चालून."

मी लिहिलं. हरेश तो लायनर हातात घेऊन उलटसुलट करत राहिला. "बाबांना सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाला.

त्याची आई पडवीतून उठून खाली आली. नऊ वर्षं तिने नवऱ्याचीच बाजू घेतली होती, हे मला हरेशनेच कधीतरी सांगितलं होतं. तिने त्याच्या हातातला लायनर काढून बाजूला ठेवला, त्याचे तेलकट हात आपल्या पदराला पुसले आणि म्हणाली, "ते आता न्हाय ऐकाला. मना सांग. त्या दिशी काय झाला, पयल्यापासून सांग."

व्याह्यांनी मला दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं. हत्यारं तिथेच पडली होती. एरवी एक पाना जागेवर नसला तरी ते अस्वस्थ होतात. आम्ही समोरच्याच बांधापर्यंत चालत गेलो. पलीकडे मिठागरांच्या कोरड्या चौकटी आणि त्यांच्यामागे बांधकामाच्या क्रेन दिसत होत्या. "तासाभराचं काम होतं हो," ते काळे हात अंगापासून लांब धरून म्हणाले. "म्हातारा जिवंत असताना कोणी ते चाक खोललं असतं तर..." बांधावरची मूठभर माती घेऊन ते हात चोळू लागले. मागून हरेशचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण बराच वेळ तो एकटाच बोलत होता.