दंडाला न पुरलेला पट्टा

नातवंडांनो, फलटणचा दादा तुमचा फोन का घेत नाही, असं तुम्ही दर रविवारी विचारता आणि मी "झोपला असेल" म्हणून सांगते. ते खोटं आहे. परवा तुमच्यातल्या धाकट्याचा फोटो आला, त्याची मान दादासारखीच भरलेली दिसली. म्हणून आता खरं लिहिते.

माझ्या भावाचा हा नातू कॉलेजसाठी विश्रामबागेत माझ्याकडे राहिला. आधी तो तालमीत जायचा. गुडघा दुखावला, कुस्ती सुटली. खुराक मात्र सुटला नाही. फलटणहून तूप-बदाम यायचे. दूध मीच तापवून द्यायचे, सकाळ-संध्याकाळ तांब्याभर. पोट सुटलं, तरी आम्ही म्हणायचो, अंगानं भरला.

एकदा मी माझं ब्लडप्रेशर मोजत होते. त्यानं गमतीनं दंड पुढे केला. वरचा आकडा एकशे साठच्या पुढे गेला.

"आजी, तुमचं मशीन भ्यालं माज्या दंडाला!"

मी चष्मा लावून मशीनबरोबरचं इंग्रजी माहितीपत्रक वाचलं. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा जास्त दिसतो, असं त्यात होतं. ते खरंच आहे. पण मोठा पट्टा आणून पुन्हा मोजावं, हे मला सुचलं नाही. भावजय आलेली होती, ती माझ्यावरच उखडली, "आवं वन्सं, तरण्या पोराला कसलं बीपी? नजर लावू नगा!" मी मशीन कपाटात ठेवून दिलं.

कॉलेज संपवून तो घरी गेला. सव्विसाव्या वर्षी जेवता जेवता ताटावर कोसळला. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी प्रेशर मोजलं होतं?" सगळे नाही म्हणाले. मी होय म्हणाले. पोटावर इतकी चरबी असली की या वयातही दाब वाढतो, आणि माणसाला काही जाणवत नाही, असं त्यांनी सांगितलं. मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

दोन वर्षं झाली. बोलणं परत येईल, असं आता कुणी म्हणत नाही. पोरगा वाळला म्हणून भावजय त्याच्या पेजेत तूप घालते. मी अडवते, ती ऐकत नाही.

डावा हात चालतो. भरवलेलं गिळतो. मी फलटणला गेले की मला ओळखतो.