पत्र्यावरची पोर

आमची पोर चार वर्षांची असताना तापाने गेली. तिचा एकही फोटो नाही. दसऱ्याला नवा फ्रॉक घेऊ, मग सदर बाजारातल्या फोटो स्टुडिओत नेऊ, असं म्हणत म्हणत राहूनच गेलं.

आमचे हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पहिल्या स्मृतिदिनी बुद्धाच्या तसबिरीजवळ ठेवायला काहीतरी हवं, म्हणून ह्यांनी घरात पडलेल्या पत्र्यावर तिचा चेहरा काढला. हुबेहूब. भुवईवर पडल्याची खूण, रुसल्यावर पुढे यायचा तो खालचा ओठ. मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं, आणि मी त्या पत्र्यापुढे पोटभर रडले. वर्षभरात पहिल्यांदा जरा हलकं वाटलं.

नणंद म्हणाली, "पोरगीच तं होती वं, दुसरी होईन." तिला मी जेवून जा असंही म्हटलं नाही. दुसरी झाली नाही.

पुढच्या वर्षी मीच ह्यांना म्हटलं, "अजी, आता पोर शाळेत गेली असती. वेण्या काढा." ह्यांनी वेण्या काढल्या. मग दरवर्षी आम्ही तिला वाढवत गेलो. रिबिनीचा रंग मी ठरवायची. नाक कोणावर जाईल यावरून आमचं भांडण व्हायचं. तेवढे दिवस घरात मुलगी असल्यासारखं वाटायचं.

तिच्या अंगावर ओढणी आली त्या वर्षी मी पत्र्याकडे पाहिलं, तर कोणाची तरी चांगली पोरगी होती. माझी नव्हती. मी म्हटलं, "मले माही लहानीच काढून द्या."

हे ब्रश घेऊन बसले. दुपार गेली. मग म्हणाले, "खूण कोणत्या भुवईवर होती वं?"

मी सांगायला गेले, आणि मलाही आठवेना.

जुनी पाटी आली की तिच्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारायचा आणि नवं नाव लिहायचं, ही ह्यांची रोजची रीत. पोरीचा पत्राही दरवर्षी तसाच व्हायचा. पत्रा एकच होता. पहिली पोर सगळ्यांच्या खाली होती.

मी रंग खरवडायची पत्ती घेतली. ह्यांनी अडवलं नाही. वरची पोर हळूहळू निघेल, मग वेण्यावाली दिसेल, मग माझी, असं मला वाटलं होतं. पण सगळ्या मिळून एकाच पापुद्र्यात निघाल्या. खाली गंजका पत्रा लागला.

त्या संध्याकाळी मेणबत्ती त्याच पत्र्यापुढे लावली. अजून तिथेच लावतो. हे म्हणतात, खूण डावीकडे होती. मी म्हणते, उजवीकडे. दोघंही अंदाजाने बोलतो, हे दोघांनाही माहीत आहे.