सरूची पेंढी

माधवरावांचं सरूकडे पहिल्यांदा लक्ष गेलं, ते तिचा चेंडू वीस मीटर उंच गेला तेव्हा. साल १९८८. फळ्यावर गणित होतं: सेकंदाला वीस मीटर वेगाने, तीस अंशांत तिरपा फेकलेला चेंडू किती उंच जाईल? रोह्याच्या त्या अकरावीतले बाकी सगळे पाच मीटरवर थांबले होते.

"वर जायचा वेग किती धरलास?"

"वीस."

"तो सगळा वेग झाला. त्यातला उभा अर्धाच, दहा."

"पण सर, जोर सगळा माझा. अर्धा कुणाला देऊ?"

माधवरावांनी फळ्यावर सूत्र पुन्हा एकदा लिहिलं.

चाचणीतही सरूचे सगळे चेंडू असेच आभाळात गेले. तिचे वडील बाबाजी निडी गावचे भातशेतीवाले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "वार्षिकला फिजिक्समध्ये नापास झाली, तर कॉलेज बंद."

त्यांची समजूत घालायला माधवराव एका रविवारी निडीला गेले. खळ्यात पेंढ्याची उडवी रचली जात होती. वर सरूचे काका दाजी बसलेले. खालून सरू पेंढी फेकी आणि ती दाजींच्या हाताशी पोचून क्षणभर थबके, घेता का म्हणून विचारल्यासारखी. सरांना पाहून सरू लाजून मागे सरली आणि तिथूनच फेकू लागली. पेंढी दाजींपर्यंत न पोचता उडवीच्या कुशीत आपटली.

"जवळ ये गो," दाजी ओरडले. "सर काय खात नाय तुला."

"जोर कमी लावलास?" माधवरावांनी विचारलं.

"नाय सर, तेवढाच. पण लांबून तिरपी जाते ना. थोडा जोर पुढं जाण्यात जातो, वर जायला कमी उरतो."

"मग हे वहीत का लिहीत नाहीस?"

सरूने पुढची पेंढी उचलली. "वहीत चेंडू होता."

बाबाजींची समजूत घालायचं राहूनच गेलं. चहा पिऊन माधवराव परतले.

वार्षिकला तेच गणित आलं. सरूने आधी समासात उडवी काढली, वर टोपीवाले दाजी बसवले, मग पाच मीटर उत्तर लिहिलं. समासात चित्र काढलं म्हणून अर्धा गुण कापावा, असं माधवरावांच्या मनात आलं होतं. पण दाजींची टोपी फार हुबेहूब होती. शंभरात अडतीस. पास.

"यातले दाजीचे किती?" उत्तरपत्रिका पाहून बाबाजींनी विचारलं, पण बारावीची पुस्तकं त्यांनीच आणून दिली.

सरू आता पेणला राहते, एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. सुगीनंतर निडीला जाते. खांदा दुखतो, म्हणून पेंढी फेकत नाही. उडवीवर बसून झेलते.