आधी माझ्या हातावर

लेझरचं यंत्र सुरू झालं की त्याचं टोक ती आधी स्वतःच्या तळहातावर फिरवायची. मग जनावर घेऊन आलेल्या माणसाच्या. मग दुखऱ्या जागेवर. "आधी माझ्या हातावर," ती म्हणायची. त्याच्याही आधी सगळ्यांना काळे चष्मे, कुत्र्यालासुद्धा. पनवेलच्या एसटी स्टँडमागे राहणाऱ्यांनी खिडकीतून पाहिलंच असेल, चष्मा लावलेला गावठी कुत्रा एखाद्या बिल्डरच्या थाटात कसा पसरलेला असायचा.

ती जनावरांची डॉक्टर. इथल्याच आगरी घरातली.

मी चळवळीची पत्रकं वाचत आणि वाटत मोठा झालो, त्यामुळे पहिल्याच भेटीत भांडलो. "माणसांना सरकारी दवाखान्यात साधा शेक मिळत नाही आणि इथं कुत्र्यांना लेझर?"

"बरोबर आहे तुझं. काढ मोर्चा, मी येते," ती म्हणाली. "पण त्याचा राग ह्याच्यावर कशाला? जरा पाय धर त्याचा."

मी पाय धरला.

पुढे दवाखान्याचं पत्रक मीच लिहिलं. त्यात 'चमत्कारी उपचार' असं ठोकून दिलं होतं. तिने 'चमत्कारी' खोडलं. "दुखणं उतरतं. म्हातारपण उतरत नाही. तेवढंच लिही." आमच्या घरातून निघालेल्या पत्रकांत शब्द वाढलेलेच मी पाहिले होते. कमी झालेला हा पहिला.

एकदा कोन गावातले एक आजोबा भुऱ्याला रिक्षातून उचलून घेऊन आले. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे धरले होते, मागचे पाय उचलत नव्हते. सोबत आलेल्या त्यांच्या मुलाचा निर्णय झाला होता. "मॅडम, हाल बघवत नाहीत. शेवटची सुई देऊन टाका." आजोबा कुत्र्याला छातीशी धरून उभे.

तिने पाय तपासले. "चालेलच असं सांगत नाही. पण करण्यासारखं बरंच आहे अजून. सुईचं मग बघू."

तिने कुत्र्यावरचं फडकं काढलं, तर कमरेवर हळद आणि तेलाचा जाड लेप.

"हे काय लावलंत, आजोबा?"

"तू डाग देनार ना? मंग आग व्हनार. आदीच लावून आनलंय."

डाग म्हणजे लंगडणाऱ्या जनावराला तापल्या सळईचा चटका. लेझर म्हणजे विजेवरचा डाग, असं आजोबांनी धरलं होतं. "तुज्या बापानं माज्या बैलाला दिलता. चांगला हात व्हता त्याचा."

मुलगा फिसकन हसला. माझं अंधश्रद्धेवरचं भाषण ओठांवर आलं होतं.

"तू गप," ती मला म्हणाली. "बादली आण."

लेपावरूनच लेझर फिरवला असता तर कातडी भाजली असती. ती फरशीवर बसली आणि स्वतः तो लेप धुऊ लागली.

"बाबाचा हात चांगलाच व्हता, आजोबा," ती खालमानेने म्हणाली. "पन बैल वरडला की मी घरामागं कान दाबून बसायची. बाबाला दुसरं येत नव्हतं. मला येतं."

कमर कोरडी झाली. चष्मे चढले. तिने स्वतःचा तळहात पुढे केला, मग आजोबांचा घेतला.

"ऊन पानी वाटतंय," आजोबा म्हणाले. "आनि डाग?"

"डाग नाय."

"नायच?"

"नाय."

भुऱ्या तर झोपलाच. आजोबांनी धोतर वर केलं. "माज्या गुडग्याला बी फिरव."

"मी जनावरांची डॉक्टर हाय."

"मंग मी कोन हाय?"

मुलगासुद्धा हसला.

गोळ्या झाल्या, बऱ्याच खेपा झाल्या. एके दिवशी भुऱ्या रिक्षातून आपला आपण उतरला. लंगडत मुलाच्या मोटारसायकलपर्यंत गेला आणि चाकावर त्याने पाय वर केला. मागचा पाय! सगळा भार दुसऱ्या मागच्या पायावर. मुलगा ओरडला, "अरे, गाडी!" आणि डोळे पुसायला लागला. ती दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. मी घोषणा द्यायचाच बाकी होतो.

आता तिने उरणजवळ द्रोणागिरीत स्वतःचा दवाखाना काढलाय. इथे नवीन डॉक्टर आलाय, शिकलेला, भला मुलगा. परवा त्याने चष्मे वाटले, यंत्र सुरू केलं आणि टोक थेट भुऱ्याच्या कमरेकडे नेलं.

मध्ये एक सुरकुतलेला तळहात आला.

"थांब," काळा चष्मा लावलेले आजोबा म्हणाले. "आदी तुज्या हातावर. मंग माज्या. आमची डॉक्टरीन असंच करते."