पिंपात शिरणारी ओताविया

आमच्या बारोलो वाइनला नितळ चव कुठून येते, असं गिऱ्हाइकाने विचारलं की माझा नवरा सेकोंदो आधी आजोबांचं नाव घ्यायचा, मग उतारावरच्या मातीचं, मग ओकच्या लाकडाचं. सख्ख्या बहिणीचं नाव त्याच्या तोंडून कधी आलं नाही. म्हणून ते मी घेते. ओताविया. माझी थोरली नणंद.

आमची पिंपं लहानसहान नव्हेत. आत माणूस उभा राहील एवढी, आणि अशी अकरा. वाइन त्यांच्यात तीन-चार वर्षं मुरते. पिंप रिकामं झालं की आतल्या फळ्यांवर लाल खड्यांचा थर बसलेला असतो. तो खरवडायचा, ब्रशने घासायचा, धुवायचा. राहिला तर पुढची वाइन गेलीच म्हणून समजा. आत जायला खाली एकच दार, दीड वीत रुंद, दोन-अडीच वीत उंच. आधी एक हात घालायचा, मग डोकं, मग श्वास सगळा सोडून खांदे तिरके. आमच्या घरातले पुरुष आडव्या अंगाचे, त्यांचं काम नव्हे ते. ओताविया नवव्या वर्षी पहिल्यांदा आत गेली, आणि त्यानंतर दुसऱ्या कुणाचा विचार करण्याची घरात कुणाला गरजच वाटली नाही.

आधी मेणबत्ती आत सोडायची. विझली तर हवा वाईट, जायचं नाही. कमरेला दोर बांधायचा. आणि आत गेलेल्याने सारखं गात राहायचं. बाहेरच्याने ऐकत बसायचं. गाणं थांबलं की हाक मारायची आणि ओ आली नाही तर दोर ओढायचा. ओताविया ठार बेसूर. पिंपातून तिचा आवाज घुमायला लागला की सेकोंदो म्हणायचा, "गाय व्यायली वाटतं." सगळे हसायचे. तीही आतून हसायची, आणि हसणं ऐकू आलं म्हणजे जिवंत आहे, एवढं आम्हाला पुरे व्हायचं.

जेवायला बसलं की मात्र मला त्या घराचा संताप यायचा. सासूबाई सगळ्यांच्या ताटात मक्याच्या पिठाचा पोलेंता ढीगभर वाढायच्या आणि ओतावियापाशी आल्या की हात आखडायचा. "तुला अडकायचंय का पिंपात?" ठरलेलं वाक्य. पस्तीस वर्षांची बाई भावाच्या ताटाकडे बघत पाणी प्यायची.

ब्रा गावचा आमेदेओ, विधुर, पाव भाजणारा, दर गुरुवारी आमच्याकडे पाव घेऊन यायचा. त्याने तिला मागणी घातली तेव्हा सेकोंदोने त्याला मिठी मारली, ग्लास भरला आणि म्हणाला, "एवढी यंदाची पिंपं होऊ दे." पुढच्या वर्षी तेच म्हणाला. तिसऱ्या वर्षीही. पिंपं काय, दरवर्षी यंदाचीच असतात.

मी एकदा म्हटलं, "शेजाऱ्यांसारख्या सिमेंटच्या टाक्या बांध की."

"सिमेंटमध्ये माणसं पुरतात, इर्मा. वाइन ठेवत नाहीत."

"आणि बहीण लाकडात पुरलेली चालते?"

तो उठून पिंपांकडे निघून गेला.

त्या हिवाळ्यात एका सकाळी ओताविया चुलीपाशी उभी होती. हळूच म्हणाली, "इर्मा, मी जाडी झाले तर?"

"तर काय?"

"तर मला ठेवून घेऊन करतील काय?"

मग आम्ही दोघी हसलो, तोंडात एप्रन कोंबून. त्या दिवसापासून मी तिच्या शेवयांत लोणी दुप्पट घालायला लागले. सकाळी अंडी आणि गोड वाइन फेटून तिला कपभर पाजायची. आमेदेओला सांगितलं, तेव्हा बिचारा लाजला, पण पुढच्या गुरुवारपासून पावाखाली हेझलनटचा अख्खा केक लपवून आणायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "सुटायला लागलीस गं." ही म्हणाली, "वय झालं, आई." आणि खरं सांगते, काय सुरेख दिसायला लागली! गाल आले, चाल बदलली.

सप्टेंबरात पहिलं पिंप रिकामं झालं. तिने हात घातला, डोकं घातलं, श्वास सोडला. खांदे जाईनात. तिने खोटंखोटं केलं नाही, मी बाजूलाच उभी होते; तिने मनापासून जोर लावला आणि ती गेली नाही. बाहेर आली तेव्हा गालावर लाकडाचा वळ होता. "नाही जात, सेकोंदो," म्हणाली, आणि असली हसली की सासूबाईंनी छातीवर क्रुसाची खूण केली. सेकोंदोने दारात हात घालून रुंदी मोजून पाहिली. लग्न ईस्टरनंतरचं ठरलं.

मग सेकोंदो वळला आणि माझ्या खांद्यांकडे बघायला लागला. मला बघायला आला होता तेव्हाही तो असाच बघत होता. तेव्हा मला वाटलं होतं, मी आवडले.

मी गेले. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. आत काळोख, ओल, आंबट वास डोळ्यांत जातो, आणि दाराची ती उजेडाची चौकट इतकी लहान दिसते की आपण तिच्यातून आलो यावर विश्वास बसत नाही. गाणं सुचेना, म्हणून मी मोठ्याने जपमाळ म्हणत होते. बाहेरून ओताविया सांगत होती, "डावीकडे. मागच्या फळ्यांना ब्रश लागत नाहीये, मला ऐकू येतंय. अजून मागे, इर्मा." मी मागे गेले नाही. दारापासून लांब जायला पाय उचलेचना. "झालं, झालं," म्हणून मी बाहेर पडले. दर वेळी असंच. आत जाऊन तपासणार कोण होतं?

फेब्रुवारीत पाचव्या पिंपाला व्हिनेगरचा वास आला. सेकोंदोने ग्लास नाकाशी धरला आणि खाली ठेवला. ओताविया पिंपाला कपाळ लावून उभी राहिली.

"हे मी सव्वीस वर्षं धुतलं," ती म्हणाली. "सव्वीस वर्षांत एकदाही नाही."

"चूक माझी आहे, ओताविया. तू कशाला रडतेस?"

"तुझ्यावर नाही गं रडत," ती म्हणाली, आणि फळीवरून हात फिरवत राहिली.

त्या दिवशी जेवताना सासूबाई तिच्या ताटापाशी आल्या. हल्ली त्या तिलाही भरपूर वाढायच्या, नाइलाजाने. ओतावियाने ताटावर हात आडवा धरला.

"बस, आई. नको."

सासूबाईंचा वाढायचा डाव तसाच थांबला. सेकोंदोने मान वर केली नाही, पण चघळणं थांबवलं. ती पुन्हा पिंपात शिरायला निघाली होती, सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. ईस्टरला जेमतेम दोन महिने होते. खा गं बये, चालती हो इथून, पिंपं गेली खड्ड्यात, एवढं मी म्हणायला हवं होतं. तिला जाडी मीच केली होती, माझं तिने ऐकलं असतं.

पण सासूबाईंच्या हातातला डाव अजून भरलेलाच होता. मी माझं ताट पुढे केलं.

"मला वाढा," मी म्हटलं. आणि त्या दिवसापासून रोज दुसऱ्यांदा वाढून घेत गेले.